हार्ड डिस्क उडाली? आधी बटण बंद करा

ऐन लग्नसराईत, सकाळी अकराच्या सुमारास मामांचा फोन. "अरे, पीसी चालूच होईना. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी येतात आणि आतून टक-टक आवाज येतोय."

"कधीपासून?"

"नऊपासून. सात-आठ वेळा बंद-चालू करून पाहिला. एकदा जरा थोपटला पण."

मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं. पीसी २००९ च्या आसपासचा. तो बदलला नाही, कारण त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याशिवाय ते चालतच नाही अशी छोटी किल्ली) मागच्या प्रिंटर पोर्टात बसतं आणि नव्या मशीनला तसलं पोर्टच नसतं. असे पीसी दुकानांत, दवाखान्यांत, घरांत अजून चालू आहेत. त्यातली डिस्क बंद पडली की पहिल्या तासात आपण काय करतो, यावर डेटा परत मिळणार की नाही हे बरंचसं ठरतं. मामांनी पहिले दोन तास थोपटण्यात घालवले होते. तुम्ही तसं करू नये म्हणून सुरुवात तिथूनच करतो. नवी डिस्क बसवणं सोपं आहे, ते नंतर.

पायरी १: एकदाच चालू करा आणि कान लावा

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून हेड फिरतं. धुळीचा कणसुद्धा त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हेड बिघडून तबकडीला टेकलं, की डिस्क चालू असेपर्यंत वरचा चुंबकीय थर खरवडला जातो. खरवडलेल्या थरावरचा डेटा कोणतंही सॉफ्टवेअर आणि कोणतीही लॅब परत आणू शकत नाही. म्हणून "अजून एकदा करून बघू" हे इथे महागात पडतं.

कॅबिनेटचं झाकण काढा, बटण दाबा, दहा-पंधरा सेकंद ऐका आणि बंद करा.

ठरावीक लयीत टक-टक येत असेल तर हेडला आपली जागा सापडत नाहीये. बारीक पीं-पीं किंवा कण्हल्यासारखा आवाज असेल तर मोटर फिरू पाहतेय पण फिरत नाहीये. पुष्कळदा हेड तबकडीला चिकटलेलं असतं. या दोन्ही आवाजांत घरगुती उपाय संपले. वायर काढा आणि थेट पायरी ५ वाचा. आत महत्त्वाचं काहीच नसेल तर सरळ पायरी ६.

अजिबात आवाज नसेल, हाताला कंपही लागत नसेल, तर एक तर वीज पोहोचत नाहीये किंवा डिस्कच्या पोटावरचं सर्किट बोर्ड गेलंय. आणि डिस्क नेहमीसारखी फिरतेय पण विंडोज येत नाही, किंवा आलं तर एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात, असं असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे.

पायरी २: डिस्क निर्दोष तर नाही ना?

जुन्या मशीनमध्ये डिस्कवर नाहक आळ येण्याचे प्रकार बरेच होतात. आधी एक हास्यास्पद गोष्ट तपासा: यूएसबीला एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का? मशीन त्यावरून सुरू व्हायचा प्रयत्न करतं आणि "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" म्हणून थांबतं. पेनड्राइव्ह काढला की सगळं सुरळीत. या कामासाठी मी एकदा स्कूटरवरून बारा किलोमीटर गेलोय.

मग मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी. सीआर २०३२, ३ व्होल्टची. ती संपली की मशीन तारीख विसरतं आणि बायोसमधल्या (विंडोजच्याही आधी चालून मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममधल्या) सेटिंगही विसरतं. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तारीख दहा-पंधरा वर्षं मागची दिसली तर बॅटरी गेली. इथे एक बारीक मेख आहे. बायोसमध्ये साटा डिस्कसाठी (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची आताची पद्धत) 'आयडीई' किंवा 'एएचसीआय' अशी पद्धत निवडलेली असते. बॅटरी गेल्यावर ती बदलली, तर विंडोजचं चिन्ह क्षणभर दिसून निळा पडदा येतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं. परत तेच. डिस्क ठणठणीत असते. बॅटरी बदला, ती सेटिंग पूर्वीसारखी करा, काम झालं. पूर्वी काय होतं ते आठवत नसेल तर दोन्ही करून पाहा, त्यात धोका नाही.

तिसरी गोष्ट वायर. साटाची डेटा वायर चपटी, बोटभर रुंदीचीही नसते, बहुतेक वेळा लाल. सुरुवातीच्या वायरींना खटका नसायचा, त्यामुळे त्या ढिल्या पडतात. मशीन बंद करून मेन प्लग काढा, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल, आणि वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा लावा. शक्य असेल तर दुसरी वायर आणि मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. डिस्कचा वीजपुरवठाही एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डबीच्या) दुसऱ्या कनेक्टरवरून द्या. रुंद पट्टीसारखी वायर दिसली तर ती आयडीई डिस्क, आणखी जुनी. तिच्या मागच्या बाजूला जंपरची छोटी टोपी असते. ती काढू नका.

एवढं करून बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का ते पाहा. नाव आणि आकार बरोबर दिसत असेल तर पुढच्या पायरीला जा. दिसत नसेल पण डिस्क फिरत असेल, तर ती दुसऱ्या मशीनला एकदा लावून बघा. एकदाच.

पायरी ३: डिस्कलाच विचारा

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम; ती पेनड्राइव्हवरून कशी चालवायची ते पायरी ४ मध्ये) डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमध्येच ती दिसते. आकड्यांचं जंगल असतं, पण बघायच्या ओळी चारच.

५ क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब जागा डिस्कने बाजूला काढून त्याऐवजी राखीव जागा वापरल्या. १९७ म्हणजे वाचता येत नसलेल्या, निर्णय न झालेल्या जागा. १९८ म्हणजे तपासणीतही न सुधारलेल्या. या तिन्हींचा कच्चा आकडा शून्य हवा. ५ ला चार-दोन दिसत असतील आणि वर्षभर तेवढेच असतील तर घाबरायचं कारण नाही. पण १९७ चा आकडा आज ८, उद्या ४० असा वाढत असेल तर डिस्क मरायला निघाली. चौथी ओळ १९९, तिचा डिस्कशी संबंध नाही. ती वायरीतल्या चुका मोजते. वायर बदलल्यावर हा आकडा परत शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. आकडा शून्य झाला नाही म्हणून चांगली डिस्क फेकणारे लोक मी पाहिलेत.

एक इशारा. क्रिस्टलडिस्कइन्फो निळं 'गुड' दाखवत असलं तरी डिस्क मरू शकते. पिवळा 'कॉशन' दिसला तर मात्र विश्वास ठेवा.

पायरी ४: डेटा काढा, आणि फक्त डेटाच काढा

इथे लोक चुकतात. डिस्क चालू झाली या आनंदात आधी अँटिव्हायरसचं स्कॅन लावतात किंवा चेकडिस्क चालवतात. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवणं हे आहे, त्यासाठी ते डिस्कवर लिहितं आणि न जुळणारे तुकडे कापून टाकतं. मरू घातलेल्या डिस्कवर ते करणं म्हणजे घर जळत असताना फरशी पुसणं. तसंच "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल" असं विंडोज विचारतं तेव्हा उत्तर 'कॅन्सल'. दर वेळी 'कॅन्सल'. फ्रीजरमध्ये डिस्क ठेवायचा उपाय अजून फिरत असतो; थंड धातूवर बाष्प जमतं आणि मग जे थोडं बरं होतं तेही जातं.

मला सगळ्यात बरी वाटणारी पद्धत पेनड्राइव्हवरच्या लिनक्सची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची फाइल उतरवा, रुफस या छोट्या सॉफ्टवेअरने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा, जुन्या मशीनला लावा आणि सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. मशीन फारच म्हातारं, ३२ बिटचं असेल तर मिंटऐवजी अँटिएक्स. इन्स्टॉल काही करायचं नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि तुम्ही सांगेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावत नाही. विंडोज मात्र डिस्क जोडली की स्वतःहून तिच्यात डोकावतं, याद्या करतं, फोटोंची छोटी चित्रं बनवत बसतं. शिवाय जुन्या युजरचं फोल्डर उघडताना परवानगी मागतं, आणि 'कंटिन्यू' दाबलं की त्या परवानग्या दुरुस्त करायला पुन्हा जुन्या डिस्कवरच लिहितं.

आता बाहेरची यूएसबी डिस्क लावा आणि कॉपी सुरू करा. सगळी सी ड्राइव्ह एकदम उचलू नका. जे गेलं तर रडू येईल ते सर्वांत आधी, मग कामाचं, मग उरलेलं. विंडोज आणि प्रोग्राम कॉपी करून उपयोग नसतो. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून बसली तर ती सोडून पुढे जा. जुन्या मशीनचं यूएसबी २.० असतं, तासाला साधारण १०० ते १२० जीबीच्या वर जात नाही, तेव्हा धीर धरा. आणि कॉपी दुसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवर घेत असाल आणि मोठी फाइल मधेच नाकारली गेली, तर तो पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे का बघा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तो पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पेनड्राइव्ह, डिस्क नव्हे. घाईत हे होतं.

कॉपी वारंवार अडकत असेल तर फाइल-फाइल करत बसू नका. डीडीरेस्क्यू नावाचा लिनक्समधला कमांडवर चालणारा प्रोग्राम आहे, तो आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतो. त्याची अक्कल अशी की पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उचलून घेतो, अडलेल्या जागा नकाशा फाइलमध्ये टिपतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. वीज गेली तरी त्याच नकाशावरून पुढे सुरू. आपल्याकडे हे फार उपयोगी. प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी, मग नकाशा फाइल असा क्रम असतो. पहिल्या दोघींची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर ओतली जाते, म्हणून डिस्कचा आकार आणि लेबलवरचा सिरियल नंबर दोनदा जुळवून पाहा. पुढे टेस्टडिस्क, फोटोरेक वगैरे हरवलेल्या फाइली शोधणारं जे काही चालवायचं ते त्या प्रतीवर. मूळ डिस्क काढून कागदात गुंडाळून कपाटात.

काय काय उचलायचं? विंडोज ७ किंवा त्यापुढचं असेल तर 'युजर्स' फोल्डरमधलं तुमचं नाव; एक्सपी असेल तर तेच 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये. डेस्कटॉप त्याच्या आतच असतो, आणि आपल्याकडे अर्धा संसार डेस्कटॉपवर असतो. टॅली वापरत असाल तर टॅलीच्या फोल्डरमधलं 'डेटा' फोल्डर, ज्यात नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतात, ते पूर्ण उचला. ब्राउझरचे बुकमार्क. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे तुमची ईमेलं.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर अजिबात विसरू नये. मामांची डिस्क शेवटी लॅबला गेली. लॅबने विचारलं, कोणत्या फाइली हव्यात? मामा म्हणाले, कोरलच्या (पत्रिका बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) सगळ्या. सगळ्या मिळाल्या. नव्या डिस्कवर पहिली पत्रिका उघडली तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणांची रांगोळी. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या मराठी फॉन्टांमध्ये मजकूर आतून रोमन अक्षरांच्या जागांवरच साठवलेला असतो. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर ही रांगोळी. श्रीलिपी हे मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर सीडीवरून आणि डोंगलवरून परत बसवता आलं. पण वर्षानुवर्षं इकडून तिकडून जमवलेले शोभेचे फॉन्ट दोन-चार ओळखीच्या प्रेसवाल्यांकडे फिरून गोळा करावे लागले. मामी म्हणाल्या, "पत्रिका वाचल्या, अक्षरं मेली."

पायरी ५: टक-टक करणारी डिस्क आणि लॅब

लॅब म्हणजे गल्लीतलं रिपेरिंगचं दुकान नव्हे. हेड बदलायचं तर डिस्क उघडावी लागते आणि ती धूळविरहित हवेतच उघडावी लागते. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून तिचं हेड काढून बसवतात. हे महाग असणारच. कुणी तुमच्यासमोर टेबलावर पंख्याखाली डिस्कचे स्क्रू काढायला लागला तर हात धरा.

सर्किट बोर्ड बदलण्याचा उपायही लोक सांगतात. फार जुन्या डिस्कवर तो चालायचा. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची मोजमापं बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असतात, त्यामुळे नुसता सारखा बोर्ड लावून भागत नाही, ती चिपही उचलून बसवावी लागते.

लॅबला डिस्क देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर काय द्यायचं, पूर्ण पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि डिस्क परत देणार का. डिस्कला याआधी काय काय झालं ते खरं सांगा. थोपटली असेल तर तेही. मामांनी ते सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले.

पायरी ६: नवी डिस्क

जुन्या मशीनला पुन्हा फिरती हार्ड डिस्क घालू नका. अडीच इंची साटा एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबी बहुतेकांना पुरते. २००९ चं मदरबोर्ड साटाच्या दुसऱ्या पिढीचं असलं तरी फरक जाणवतो, कारण मशीनला हळू करणारी गोष्ट हेडची धावपळ होती आणि एसएसडीत हेडच नाही. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची खाचेसाठी पत्र्याची पट्टी मिळते. नाही मिळाली तर दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते, आत हलणारं काही नाही. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर आणि बॅटरी काढा.

आयडीई मशीनला साटा एसएसडी लावायला कन्व्हर्टर मिळतात, कधी चालतात कधी नाही. खूप जुनं बायोस आणि सर्व्हिस पॅक नसलेलं एक्सपी १३७ जीबीच्या पुढची जागा ओळखत नाही, हेही लक्षात ठेवा.

विंडोज कोणतं? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनांत नसते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मत असं: इंटरनेट, यूट्यूब, पत्रं लिहिणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाका, ४ जीबी रॅमवर बरं चालतं. डोंगलचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर जे विंडोज होतं तेच परत टाका आणि त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवा. मामांचा पीसी तसाच चालतोय. विंडोज १० आधीपासून याच मशीनवर ॲक्टिव्हेट असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलल्याने जात नाही. विंडोज ७ असेल तर कॅबिनेटवरच्या स्टिकरचा फोटो आत्ताच काढून ठेवा. त्यावरचे आकडे दरवर्षी थोडे पुसत जातात.

विंडोज बसलं, फॉन्ट बसले, फाइली परत आल्या, की त्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत. ती डिस्क मशीनला कायम जोडून ठेवायची नाही. बॅकअपसाठी साधी हार्ड डिस्कच घ्या. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातला डेटा उडू शकतो. मामा आता दर शनिवारी दुकान बंद करताना प्रत घेतात, गल्ल्याच्या हिशोबाबरोबर.

मेलेल्या डिस्कचं काय?

भंगारवाल्याला तशीच देऊ नका. बंद पडलेली डिस्कही लॅबमध्ये वाचता येते, आणि चालणारी डिस्क नुसती क्विक फॉरमॅट केली तर फाइली जागच्या जागी असतात. ड्रिल असेल तर तबकड्यांच्या आरपार दोन-तीन भोकं पाडा. चष्मा घालून पाडा: डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, पण लॅपटॉपच्या डिस्कमध्ये पुष्कळदा काचेच्या, आणि त्या फुटल्या की कचकन उडतात. उरलेलं ई-कचऱ्यात.

उघडलीच आहे तर आतली चंद्रकोरीसारखी दोन चुंबकं काढून घ्या. लहान दिसतात, पण बोट मधे सापडलं तर नख काळं पडतं. मामांच्या फ्रीजवर त्यातल्या एकाने लॅबचं बिल लटकवलंय.